लोखंडाचा नाद आणि विलापाचा सूर : काही हेवी मेटल ध्वनिमुद्रिकांचे परीक्षण

ज्या पाश्चात्त्य संगीतप्रकारास हेवी मेटल असे नाव आहे, त्याविषयी आपल्या धर्मगुरूंत व धर्मशिक्षकांत एक ठरीव मत रूढ आहे. हे संगीत सैतानाचे. ते ऐकणारा तरुण देवाला दुरावतो. सबब ते ख्रिस्ती घरात वाजू नये, असे ते मत. ते मांडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे संगीत दोन मिनिटांपलीकडे ऐकलेले नसते. आम्ही ते ऐकले आहे. किंबहुना कॅसेटच्या दिवसांपासून आजतागायत आम्ही ते आवडीने ऐकत आलो आहो, आणि ही गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी. कारण परीक्षकाचा कल ठाऊक असला म्हणजे वाचकास त्याचे निर्णय तोलून घेता येतात.

प्रश्न केवळ अभिरुचीचा असता तर या पत्रिकेची पाने आम्ही त्यासाठी मागितली नसती. परंतु गोव्यात काय किंवा बेळगावात काय, जो मुलगा रविवारी उपासनेच्या वेळी गायकवृंदात गिटार वाजवितो तोच दुपारी घरी बसून या वाद्यवृंदांचे स्वर बोटांवर बसविताना आढळतो. आपण त्याला सांगतो की हे सैतानाचे आहे. तो गीताचे शब्द काढून वाचतो, आणि त्यात त्याला सैतानाला भिऊन देवाचा धावा करणारा मनुष्य भेटतो. त्या क्षणी त्याच्या मनात जी शंका उभी राहते ती संगीताविषयीची नसते. गीतात काय आहे हे न वाचता बोलणारे आमचे गुरुजन शास्त्रात काय आहे हे तरी वाचून बोलतात काय, अशी ती शंका असते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा ध्वनिमुद्रिकांच्या कर्त्यांच्या बाबतीतही लागू आहे. त्यांच्या कृतींत दोष आहेत आणि ते आम्ही पुढे दाखविणारच आहो. मात्र जे दोष आहेत तेच दाखवावेत, नसलेले चिकटवू नयेत.

या संगीताचा उगम इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी, अ‍ॅस्टन नामक कामगारवस्तीत झाला. १९६८ साली तेथील चार तरुणांनी जो वाद्यवृंद काढला त्याने पुढे एका भयपटाचे नाव उचलून 'ब्लॅक सॅबथ' हे नाव धारण केले. त्यांतील गिटारवादक टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यात नोकरीस होता. वयाच्या सतराव्या वर्षी, तेथील कामाच्या अगदी शेवटच्या दिवशी, त्याचा उजवा हात यंत्रात सापडला आणि दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनविली, त्यांवर चामडे बसविले, हलक्या तारा लावल्या आणि वादन पुन्हा पहिल्यापासून साधले. पुढे १९७१ मध्ये त्याने काही गीतांसाठी तारा तीन अर्धस्वरांनी उतरविल्या. त्यायोगे त्या सैल होऊन बोटांना सोप्या झाल्या आणि नादही अधिक जड, अधिक खालचा झाला. ज्या घोगऱ्या नादास आपले काही उपदेशक पाताळाचा नाद म्हणतात, त्याच्या मुळाशी एका जायबंदी कामगाराचा हात आहे. हे ठाऊक असल्यावर तो नाद निराळा ऐकू येतो. निदान आम्हांला तरी येतो.

त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, प्रसिद्ध झाली. ती जवळजवळ एका दिवसात मुद्रित झालेली आहे. आरंभी पाऊस पडतो, मेघ गडगडतात, दूरवर देवालयाची घंटा वाजते, आणि मग तीन स्वर येतात : षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. या षड्ज-तीव्र मध्यम अंतराविषयी एक दंतकथा आहे. मध्ययुगीन ख्रिस्तसभेने हे स्वरांतर सैतानाचे म्हणून निषिद्ध ठरविले होते, असे या संगीताचे चाहते अभिमानाने सांगतात आणि त्याचे विरोधक संतापाने सांगतात. दोघेही चुकतात. जुने गायक हे अंतर टाळीत ते मुख्यतः गाण्यास अवघड व कानास अस्थिर म्हणून. 'संगीतातील सैतान' हा त्याचा उल्लेख अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथांत आढळतो, आणि कोणा धर्मपरिषदेने बंदी घातल्याचा पुरावा नाही. आपल्याकडे तर सायंकाळी यमन गाणारा प्रत्येक गायक षड्जाच्या पार्श्वभूमीवर तीव्र मध्यम लावतो आणि श्रोत्यांची मने शांत होतात. स्वरात सैतान नसतो. स्वराची योजना कशासाठी केली हे पाहावे लागते, आणि या ठिकाणी ती भयासाठी केलेली आहे.

ते भय कशाचे? गीते लिहिणारा बासवादक गीझर बटलर हा बर्मिंगहॅममधील आयरिश कॅथॉलिक घरात वाढलेला. तरुणपणी त्याला गूढविद्येचे आकर्षण वाटू लागले. त्याने आपली खोली काळ्या रंगाने रंगविली, तसले ग्रंथ जमविले. आणि एका रात्री जाग आली तेव्हा बिछान्याच्या पायथ्याशी काळी आकृती उभी दिसली, असे तो सांगतो. हा प्रसंग या पहिल्या गीताचे बीज आहे. गीतातील मनुष्य त्या आकृतीस शरण जात नाही; तो पळू पाहतो आणि देवाकडे साहाय्य मागतो. सैतानाची स्तुती त्यात शोधूनही सापडत नाही. मग आतील वेष्टनावर उलटा क्रूस कसा, असे कोणी विचारील. तो ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने वाद्यवृंदास न विचारता छापला होता. पुढे त्यांनी गळ्यात जे क्रूस घातले ते सरळ होते, आणि ते गायक ऑझी ऑस्बर्नच्या वडिलांनी स्वहस्ते धातूचे करून दिले होते. ध्वनिमुद्रिका म्हणून मात्र ही कृती असमान आहे. पहिले गीत ऐकून जी अपेक्षा निर्माण होते ती दुसऱ्या बाजूवरील लांबत जाणाऱ्या गिटारवादनाने पुरी होत नाही. एका दिवसाच्या घाईचे मोल कुठे तरी चुकवावे लागतेच.

त्याच वर्षी सप्टेंबरात आलेली 'पॅरानॉइड' ही ध्वनिमुद्रिका सर्वाधिक लोकप्रिय आहे, आणि आमच्या मते तिच्या शीर्षकगीताची वाजवीपेक्षा अधिक वाहवा झाली आहे. जागा भरण्यासाठी ते काही मिनिटांत रचले गेले होते. चटकदार आहे, इतकेच. खरे मोल आहे ते 'वॉर पिग्ज' या पहिल्या गीताचे. व्हिएतनामच्या युद्धकाळात लिहिलेल्या या गीतात सेनापती व राजकारणी गरिबांची मुले पटावरील प्याद्यांप्रमाणे रणात लोटतात, स्वतः मात्र मागे राहतात. आणि शेवटी न्यायाचा दिवस उजाडतो तेव्हा तेच गुडघे टेकून क्षमायाचना करतात. सैतान या गीतात येतो तो हसण्यासाठी, आपले भक्ष्य ओळखून. आमोस संदेष्टा ज्या त्वेषाने शोमरोनातील सुखवस्तूंवर तुटून पडला त्या त्वेषाची आठवण येथे होते. भेद इतकाच की आमोसाच्या पुस्तकाच्या शेवटी पडलेला मंडप पुन्हा उभारण्याचे वचन आहे. या गीतात न्याय आहे, पुनर्स्थापना नाही. धर्मशिक्षकाने हे अंतर अवश्य दाखवावे. पण त्याआधी न्यायाची ती तहान ओळखावी.

आमच्या मते या वाद्यवृंदाची श्रेष्ठ कृती म्हणजे १९७१ सालची 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'. तिच्यातील पहिले गीत गांजाची मुक्त स्तुती आहे. खोकल्याच्या आवाजाने त्याचा आरंभ होतो. लगेच पुढचे गीत 'आफ्टर फॉरएव्हर' हे ख्रिस्तावरील श्रद्धेचे उघड समर्थन आहे. मरणोत्तर आपल्या आत्म्याचे काय होईल याचा विचार तू केलास काय, असे ते श्रोत्यास विचारते. देव मेला असे म्हणणाऱ्या मित्रांच्या धाकाने तू श्रद्धा कबूल करण्यास लाजतोस काय, असेही विचारते. याच गीतात फासावरील पोपची एक प्रतिमा येते, आणि तेवढीच ओळ बाजूस काढून गीतास ईशनिंदक ठरविण्यात आले. वस्तुतः ती ओळ उपहास करणाऱ्याला उद्देशून विचारलेला प्रश्न आहे. मागचे-पुढचे कडवे वाचणाऱ्यास ते तत्काळ कळते. संदर्भ तोडून वचन वाचू नये, असे आपण धर्मशिक्षकांच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवितो. तोच नियम येथे लावला की वाद संपतो.

परंतु गीत निर्दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्याची श्रद्धा प्रामाणिक, काव्य मात्र कच्चे आहे. उपदेश करू लागला की बटलरची लेखणी जड होते. तीच लेखणी याच ध्वनिमुद्रिकेतील 'लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड' या गीतात सैतानाच्या तोंडून मनुष्याला दोष देते तेव्हा धारदार होते. तू मला आपखुशीने निवडलेस, आता तक्रार कसली, असा त्या गीताचा आशय. मोहाचे हे विवेचन आम्ही अनेक छापील प्रवचनांहून अधिक नेमके मानतो. आणि गांजाचे स्तोत्र व श्रद्धेचे स्तोत्र एकाच बाजूला लागोपाठ यावे याचे काय? गोंधळ आहे खरा. पण विशी-बाविशीच्या मुलाच्या अंतःकरणात या दोन गोष्टी अशाच लागोपाठ नांदत असतात, आणि पापनिवेदनास बसणाऱ्या धर्मगुरूंना हे आम्ही सांगावे असे नाही.

१९८० साली ऑस्बर्नच्या जागी रॉनी जेम्स डिओ हा गायक आला आणि 'हेवन अँड हेल' ही ध्वनिमुद्रिका निघाली. आवाजाच्या दृष्टीने ती आधीच्या सर्वांहून सरस आहे. विचाराच्या दृष्टीने तिच्यात बोधवाक्यांची गर्दी आहे. तिच्याविषयी एकच गोष्ट सांगावीशी वाटते. तर्जनी व करंगळी वर करून दाखविण्याची जी खूण आज या संगीताच्या मैफलींत सर्वत्र दिसते आणि जिला आपल्याकडे सैतानाची मुद्रा समजतात, ती डिओने आपल्या इटालियन आजीपासून उचलली होती. म्हातारी ती खूण दृष्ट लागू नये म्हणून करीत असे. आपल्या घराघरांतून मीठमोहऱ्या ओवाळणाऱ्या आज्यांशी तिचे नाते लागते; सैतानाशी असलेच तर ते त्याला पळवून लावण्याचे.

'जूडास प्रीस्ट' या वाद्यवृंदाचे नावच आमच्या वाचकांना टोचेल. ते बॉब डिलन यांच्या १९६७ सालच्या एका गीतावरून घेतलेले आहे, त्यामागे मत्सर वा द्वेष नाही. हेही बर्मिंगहॅमच्या परिसरातील कामगारपुत्र. त्यांची १९८० ची 'ब्रिटिश स्टील' ही ध्वनिमुद्रिका नेमकी त्या महिन्यांत आली जेव्हा ब्रिटनमधील पोलाद कामगारांचा मोठा संप होऊन गेला होता. यंत्रमानवांच्या पावलांचा आवाज काढण्यासाठी त्यांनी चमच्या-काट्यांचा खण हलविला, काच फुटल्याच्या आवाजासाठी दुधाच्या बाटल्या फोडल्या. बेकार तरुणाचा चडफडाट तीन मिनिटांत मांडण्याची त्यांची हातोटी विलक्षण आहे; खोली मात्र फारशी नाही, आणि ती असल्याचा आव ते आणीतही नाहीत. या वाद्यवृंदाविरुद्ध अमेरिकेतील रीनो येथे १९९० साली खटला चालला. दोन तरुणांनी १९८५ च्या डिसेंबरात स्वतःवर गोळ्या झाडल्या होत्या, आणि 'स्टेन्ड क्लास' या ध्वनिमुद्रिकेतील एका गीतात आत्मघातास प्रवृत्त करणारे छुपे शब्द आहेत असा आरोप होता. न्यायाधीशांनी तो फेटाळला. जे शब्द म्हणून ऐकू येत होते ते गायकाचा उच्छ्वास व गिटारचा नाद यांच्या योगायोगाने जुळलेल्या मिश्रणातून निर्माण झाल्याचे दिसून आले. उलटे वाजविले की सैतानी मंत्र ऐकू येतो, ही समजूत आपल्या तरुणांच्या शिबिरांतून अजूनही सांगितली जाते. त्या दोन घरांतील दुःखाची चेष्टा आम्ही करू इच्छित नाही. पण आत्मघाताच्या उंबरठ्यावरील तरुणाला उलट्या ध्वनिफितीचे व्याख्यान उपयोगी पडत नाही. त्याच्याजवळ कोणी तरी बसावे लागते.

अमेरिकेतील मेटॅलिका हा वाद्यवृंद आमच्या विषयाच्या अधिक जवळ येतो. १९८४ च्या 'राइड द लाइटनिंग' या ध्वनिमुद्रिकेत 'क्रीपिंग डेथ' नावाचे गीत आहे. निर्गमाच्या पुस्तकातील प्रथमजन्मलेल्यांच्या मृत्यूची ती रात्र, आणि बोलणारा स्वतः संहारक. कोकऱ्याचे रक्त लावलेले दार तो ओलांडून जातो, हेही गीतात आहे. चित्रपट पाहून सुचलेले हे गीत लयीच्या दृष्टीने अप्रतिम आहे. तथापि मैफलीत हजारो श्रोते मरणाचा पुकारा करू लागतात तेव्हा आम्हांला अस्वस्थ वाटते. निर्गमाच्या कथनात ती रात्र सुटका झालेल्यांच्या स्मरणात साठविलेली आहे, मुलांनी विचारावे व वडिलांनी सांगावे यासाठी. पवित्र गुरुवारी आपण ती त्याच भावनेने वाचतो. येथे निवेदन संहारकाकडे गेल्याने गुलामांची बाजू पार मागे पडते. भव्यता राहिली, पण ओलांडण्याचा अर्थ राहिला नाही. हा आमचा गंभीर आक्षेप आहे, आणि तो न ऐकता घेता आला नसता.

१९८६ च्या 'मास्टर ऑफ पपेट्स' मध्ये 'लेपर मसाया' या गीताचा रोख दूरचित्रवाणीवरून पैसे गोळा करणाऱ्या उपदेशकांवर आहे. गीत निघाल्यावर वर्षभरात जिम बेकर यांचे आणि १९८८ साली जिमी स्वॅगर्ट यांचे प्रकरण गाजले. गिटार घेतलेल्या मुलांना जे दिसत होते ते अनेक मंडळ्यांना दिसत नव्हते. आणि १९९१ च्या ध्वनिमुद्रिकेतील 'द गॉड दॅट फेल्ड' या गीतापाशी तर प्रत्येक धर्मगुरूने थांबावे. गायक जेम्स हेटफील्ड याचे घराणे ख्रिश्चन सायन्स पंथाचे. त्याची आई कर्करोगाने आजारी पडली, पंथाच्या शिकवणुकीनुसार तिने वैद्यकीय उपचार घेतले नाहीत, आणि तो सोळा वर्षांचा असताना ती वारली. गीतात जो देव अपयशी ठरतो तो हा, औषधाच्या बाटलीशी स्पर्धा करणारा देव. ईशनिंदा म्हणून हे गीत बाजूला सारणे सोपे आहे. परंतु गोळ्या फेकून द्या, विश्वास ठेवा, असे सांगणाऱ्या प्रार्थनासभा आपल्याही भागांत भरतात, आपल्याच मंडळीतले लोक तेथे जातात, आणि आपण त्याविषयी व्यासपीठावरून किती वेळा बोललो आहो? ज्या घरात असा मृत्यू घडला त्या घरातील मुलगा पुढे काय गाईल हे हेटफील्डने आधीच गाऊन ठेवले आहे. ईयोबाच्या मित्रांनी त्याला जी उत्तरे दिली ती देवालाच रुचली नाहीत, हे शास्त्रात लिहिलेले आहे.

या ठिकाणी विलापाविषयी दोन शब्द. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक-तृतीयांश विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारात संपते. त्यात शेवटी आशेचा किरण दाखविण्याची तसदी कर्त्याने घेतलेली नाही. मराठी माणसाला हे परके वाटू नये. तुकोबांनी विठ्ठलाशी घातलेली भांडणे त्याच्या कानांवर आहेत. आपल्या रविवारच्या गीतांच्या निवडीत मात्र विलापाला जवळजवळ स्थान उरलेले नाही. सर्वत्र विजय, आनंद, टाळ्या. शोकाला व संतापाला देवालयात आवाज मिळाला नाही की तो बाहेर विजेच्या गिटारीवर मिळतो. हेवी मेटलमधील चांगल्या गीतांचे आम्हांला जे आकर्षण वाटते त्याचे कारण हेच असावे.

सर्वच गीतांना हे लागू नाही. 'स्लेअर' या वाद्यवृंदाची १९८६ ची 'रेन इन ब्लड' ही ध्वनिमुद्रिका तंत्राच्या दृष्टीने अचाट आहे; अर्ध्या तासाच्या आत सारा झंझावात आटोपतो. तिच्यातील पहिले गीत नाझी छळछावणीतील डॉक्टर मेंगेलेच्या क्रौर्याचे वर्णन करते. कर्ते म्हणतात की आम्ही वर्णन केले, समर्थन नाही. असेलही. पण वर्णनकर्त्याची दृष्टी कोणत्या बाजूची आहे हे श्रोत्याला कळले पाहिजे. येथे ती बळींच्या बाजूची आहे असे आम्हांला क्षणभरही जाणवले नाही. ही ध्वनिमुद्रिका कुमारवयीन मुलांच्या हाती पडू नये असे कोणी म्हटले तर आम्ही विरोध करणार नाही.

उलट टोकाला आहे 'स्ट्रायपर' हा ख्रिस्ती वाद्यवृंद. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा वेश, यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायाचा बोधचिन्हात उल्लेख, मैफलीत श्रोत्यांकडे नवे करार फेकण्याची पद्धत. १९८६ ची 'टू हेल विथ द डेव्हिल' दहा लाखांहून अधिक खपली. पालकांना ती पसंत पडते, आणि धर्मशिक्षक ती पर्याय म्हणून सुचवितात. आमचा अनुभव असा की मुले ती सभ्यपणे ऐकून घेतात आणि मग आयोमीकडे वळतात. कारण उघड आहे. सिद्धांत बरोबर असूनही या गीतांत कोणी काही गमावलेले नाही; गाणाऱ्याला वेदना नाही, म्हणून त्याच्या सांत्वनालाही वजन नाही. शिकागोच्या 'ट्रबल' या वाद्यवृंदाची १९८४ ची पहिली ध्वनिमुद्रिका, जी पुढे 'साम नाइन' या नावाने ओळखली जाऊ लागली, याहून कितीतरी श्रेष्ठ आहे. तिच्यात शास्त्राचे शब्द आहेत आणि त्या शब्दांची गरज पडलेला मनुष्यही आहे. पर्याय सुचवायचाच तर हा सुचवावा.

सर्वांत शेवटी आम्ही मुद्दाम ती ध्वनिमुद्रिका ठेवली आहे जिच्यावर सर्वाधिक रोष ओढवला : लंडनच्या आयर्न मेडनची २२ मार्च १९८२ रोजी निघालेली 'द नंबर ऑफ द बीस्ट'. अमेरिकेत तिच्या प्रती जाहीरपणे जाळण्यात आल्या. जळत्या प्लॅस्टिकचा धूर बाधेल म्हणून काहींनी त्या हातोड्याने फोडल्या, अशी हकिकत वाद्यवृंदाकडून सांगितली जाते. शीर्षकगीत हे स्टीव्ह हॅरिसने एक भयपट पाहिल्यावर पडलेल्या दुःस्वप्नावर आधारलेले आहे. आरंभी प्रकटीकरणाचे वाचन आहे, एका नटाच्या गंभीर आवाजात. त्याविरुद्ध आमची तक्रार आहे, पण ती जाळणाऱ्यांच्या तक्रारीहून निराळी. या वाचनात बाराव्या अध्यायाचे बारावे वचन आणि तेराव्या अध्यायाचे अठरावे वचन एकत्र शिवलेले आहे. शिवताना बाराव्या वचनाचा पहिला अर्धा, ज्यात स्वर्गाला आनंद करण्यास सांगितले आहे, तो गाळला आहे. त्यामागील अकरावे वचन, ज्यात कोकऱ्याच्या रक्ताने विजय मिळाल्याचे सांगितले आहे, तेही अर्थातच नाही. म्हणजे सैतान खाली उतरला हे राहिले, आणि तो हरल्यामुळे उतरला हे गेले. प्रकटीकरणाचा हा भयपट आयर्न मेडनने शोधून काढलेला नाही. पशूचा अंक कोणत्या राजकारण्यास लागू पडतो याची गणिते मांडणारे आपलेच कित्येक उपदेशक गेली अनेक वर्षे तेच करीत आहेत. तो अंक नीरो कैसराच्या नावाच्या हिब्रू अक्षरांतून निघतो, आणि काही प्राचीन हस्तलिखितांत ६६६ ऐवजी ६१६ आढळतो, एवढे जरी त्यांनी सांगितले तरी पुष्कळ भीती कमी होईल.

वाद्यवृंदाने पुढच्याच वर्षी 'पीस ऑफ माइंड' मध्ये 'रेव्हलेशन्स' या गीताचा आरंभ चेस्टरटन यांच्या १९०६ सालच्या एका ख्रिस्ती प्रार्थनागीताच्या कडव्याने केला, हे जाळणाऱ्यांच्या कानांवर गेलेले दिसत नाही. त्या ध्वनिमुद्रिकेपासून २०२४ पर्यंत मैफलींत ढोल वाजविणारा निको मॅकब्रेन १९९९ साली ख्रिस्ती श्रद्धेत आला, पण त्यामुळे तो वाद्यवृंद सोडून गेला नाही. १७ मार्च २००७ रोजी बंगळूरला व १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत त्यांच्या मैफली झाल्या तेव्हा ढोलावर तोच होता.

'द नंबर ऑफ द बीस्ट' मध्ये 'गँगलँड' सारखी भरतीची गीते आहेत आणि शीर्षकगीतही आम्ही पहिल्या प्रतीचे मानीत नाही. पण शेवटचे गीत, 'हॅलोड बी दाय नेम', हे या संपूर्ण संगीतप्रकाराचे आमच्या मते सर्वोत्तम गीत आहे. शीर्षक प्रभूच्या प्रार्थनेतील पहिल्या मागणीचे. फाशीची शिक्षा झालेला कैदी कोठडीत शेवटचे तास मोजतो आहे. घंटा वाजते, धर्मगुरू अंतिम संस्काराचे पठण करण्यासाठी येतो. तो गीतात एका ओळीपुरता येतो आणि कैद्याशी स्वतःचे असे काही बोलत नाही. कैदी गजांतून बाहेर पाहतो, भीत नाही असे म्हणतो आणि भितो, देव असेल तर त्याने मला का जाऊ दिले असे विचारतो, आत्मा मागे उरतो असे स्वतःला समजावितो. आणि अखेरीस गायक ब्रूस डिकिन्सन त्या मागणीचे शब्द एका दीर्घ किंकाळीत उच्चारतो. ती किंकाळी प्रार्थना आहे की उपरोध, याविषयी चाहत्यांत मतभेद आहेत. आम्ही ती प्रार्थनाच मानतो. वधस्तंभावरून आलेली आरोळीही जवळ उभे असलेल्यांनी भलतीच ऐकली होती. परंतु त्या धर्मगुरूचे मौन आम्हांला प्रत्येक वेळी खटकते, आणि रुग्णालयात जाण्यापूर्वी ते कधीकधी आठवते.

ज्या धर्मशिक्षकांना या सर्वांतून एकच गीत ऐकावयाचे असेल त्यांनी हे ऐकावे. त्याचा अवधी सात मिनिटांहून थोडा अधिक आहे. शब्द छापून समोर ठेवावेत आणि शक्य तर ज्या मुलाने ते सुचविले त्यालाही सोबत बसवावे. आरंभ मंद आहे, त्याला फसून आवाज वाढवू नये; पहिले कडवे संपताच ढोल व दोन्ही गिटारी एकदम येतात.